झेलियाला कुणी ओळखलं नाही

झेलिया फिलियासची कुठल्याच सोंगात लपत नसे. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या आमच्या किनाऱ्यावर निम्म्या गावाचं आडनाव एकच, म्हणून इथं माणसाला बापाच्या नावानं ओळखतात. झेलियाच्या बाबतीत तेवढीही गरज पडायची नाही. ईस्टरआधीचे चाळीस उपासाचे दिवस अर्ध्यावर आले की आठवडाभर गाव मिकारेमची सोंगं काढतं. तोंडावर मुखवटा, अंगावर दुसऱ्याचे कपडे, आणि बोलायचंच झालं तर श्वास आत ओढत, घोगऱ्या आवाजात. सोंगांनी घरोघर जायचं, घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढून साखर-सायीची वडी खायची. घरच्यांनी हात टेकले तर सोंग जिंकलं. झेलिया उभ्या आयुष्यात एकदाही जिंकली नव्हती.

उंच बाई, लांब टांगा टाकणारी. मासळीच्या कारखान्यात वीस वर्षं पट्ट्यावरचे कॉड उचलून टोपलीत भिरकावले, तेव्हापासून चालतानाही उजवा हात तसाच झटकायची. आणि हसू आलं की आधी खांदे हलायचे. एका वर्षी तिनं बूट उलट्या पायांत घातले. एका वर्षी शेजारच्या आदेलनं तिला घोंगडीखाली झाकून ढकलगाडीतून नेलं. म्हातारा तोमा, गावातला सगळ्यात पटाईत ओळखणारा, दारातूनच म्हणाला, "गाडीत झेलिया आहे, बाहेर काढा तिला, गुदमरेल." घोंगडीखाली खांदे हलत होते, दुसरं काय. तिला हरायची हौस होती असंच गाव म्हणायचं, आणि मला वाटतं ते खरंच होतं.

मग सहा वर्षं तिनं सोंग घेतलं नाही.

तिचा नवरा प्लासिद शेवंडं धरायचा. समुद्राचा तळ त्याला तोंडपाठ. कुठं खडक, कुठं वाळू, कुठल्या खाचेत मे महिन्यात शेवंडं दडतात, सगळं. धिप्पाड माणूस, बोलायला कमी, आणि होडीवरच्या गड्यांना दमलेलं बघवायचं नाही त्याला. एका वसंतात त्यानं दीडशे पिंजरे टाकले आणि ते कुठं टाकले हे विसरला. दुसऱ्या दिवशी होडी घेऊन सकाळभर फिरला आणि रिकामा परत आला. धक्क्यावर लोक हसले. झेलियाही हसली. तो हसला नाही. सबंध संध्याकाळ तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून होता आणि शेवटी म्हणाला, "झेलिया, माझी आई तिकडं वृद्धाश्रमात गेली तशी मला जायचं नाही. तू मला तिकडं टाकायचं नाहीस." झेलिया म्हणाली, "वेडा आहेस का? मी आहे ना." तिनं तेव्हा शब्द दिला, आणि शब्द दिला की दिला, अशा घरातली ती होती.

पुढचं गावाला तुकड्या-तुकड्यात दिसलं. होडी दुसऱ्याच्या हाती गेली. प्लासिदला आधी माणसांची नावं आठवेनाशी झाली, मग माणसंच. मुलगा रेजी कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, दर रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "बाबा कसे आहेत?" आई कशी आहे हे त्यानं विचारलं नाही असं नाही, पण ते फोन ठेवताना विचारायचा, आणि तेव्हा आई म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

प्लासिदचं डोकं गेलं तरी अंग तसंच राहिलं, सव्वादोनशे पौंडांचं. ते अंग सकाळी पलंगावरून उठवायचं, न्हाणीत न्यायचं, धुवायचं, पुसायचं, कपड्यांत घालायचं, पुन्हा खुर्चीत बसवायचं. कपडे घालताना तो कधी हात आवळून धरायचा, तर कधी मारायचाही. मारलं की लगेच माफी मागायचा, "माफ करा, मादाम." शेवटच्या वर्षभरात तो तिला मादामच म्हणायचा. पहाटे उठून तो पिंजरे बघायला म्हणून दाराकडे निघे, म्हणून झेलिया दाराला पाठ लावून आरामखुर्चीत झोपे. झोपे म्हणजे डोळे मिटून पडे. जेवायची उभ्यानं, त्याच्या ताटात उरेल ते. गोधडीएवढे लोकरीचे गालिचे हुकानं विणणारी ही बाई, सहा वर्षांत एक विणू शकली नाही. लोकरीचे गुंडे मात्र प्लासिदच्या कामी आले. तो दिवसभर गुंडाळायचा आणि उलगडायचा.

गावानं काय केलं म्हणाल, तर कौतुक केलं. चर्चमध्ये म्हणायचे, झेलिया म्हणजे संत आहे. कौतुक करणारे पुष्कळ, पण दोन तास त्याच्याजवळ बसायला आदेल आणि नणंद युजेनी या दोघीच. मीही कौतुक करणाऱ्यांतलाच, म्हणून हे लिहायला मला लाज वाटते.

तिची स्वतःची तब्येत हा विषय निघायचाच नाही. निघाला तरी ती तो नवऱ्याकडे वळवायची. गावच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं काय वाटतंय?" की ही सुरू व्हायची, "काल तीनदा उठला. पोट साफ आहे. नवीन गोळीनं जरा सुस्तावतो." डॉक्टर म्हणे, "मी तुमचं विचारतोय." मग तिला आठवायचंच नाही. जिना चढताना दम लागायचा, डाव्या जबड्यात कळ यायची, आणि ती ॲसिडिटीची गोळी चघळायची. अंगावरचं वजन इतकं उतरलं की पॅंट प्लासिदच्या पट्ट्यानं बांधायची. शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरची तारीख तिनं तीनदा मागं टाकली. शहर अडीच तासांवर, तपासणीला दिवस जाणार, आणि दिवसभर त्याच्याजवळ बसणार कोण? तिला एकसष्टावं चालू होतं.

त्या वर्षी मिकारेमच्या बुधवारी सकाळी आरोग्य खात्यातून फोन आला. वृद्धाश्रमात प्लासिदसाठी जागा झाली होती. उद्या दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगायचं. याआधी दोनदा जागा झाली होती, दोन्ही वेळा झेलियानं नाही म्हटलं होतं. आता तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाला जाईल, आणि पुन्हा वर यायला दोन-तीन वर्षं लागतील, हे फोनवरच्या बाईनं दोनदा सांगितलं. झेलिया म्हणाली, "उद्या कळवते." पण मनात तिचं उत्तर तयार होतं.

दुपारी युजेनी आली. प्लासिदची धाकटी बहीण, शाळेत स्वयंपाकीण होती, तिच्या जिभेला हाड नाही.

"जागा झाली म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"गावात कुणाला सांगावं लागतं का? काय म्हणालीस?"

"मी त्याला शब्द दिलाय युजेनी."

"तो शब्द त्याला आठवतोय का? त्याला स्वतःचं नाव आठवत नाही." युजेनीनं भावाच्या हनुवटीवरचा रस्सा पुसला. "वहिनी, आरशात बघितलंस कधी? तू मेलीस तर तो तिथंच जाणार. फक्त तेव्हा त्याला भेटायला जायला तू नसशील."

"मी कशानं मरतेय? थकवा आहे."

"बरं, थकवा आहे. मग आज सोंग घे." युजेनीनं हुकावरचा प्लासिदचा जुना मेणकापडी कोट काढून तिच्या अंगावर फेकला. "मी बसते याच्यापाशी आठपर्यंत. आदेलला सांगून आलेय मी. जा, चार घरं फिर, वडी खा, हसून ये. मग उद्या काय सांगायचं ते सांग."

झेलिया नाही-नाही म्हणत होती, पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत जरा चमक आली. उशीच्या अभ्र्याला डोळ्यांपुरती भोकं पाडून तिनं मुखवटा केला, वर जुन्या पडद्याची जाळी बांधली. कोटाखाली उश्या कोंबायच्या राहिल्या, बूटही तिचेच होते. चाल बदलायचं तर तिनं मनातही आणलं नाही. तिला वाटलं, आपल्याला ओळखणारच आहेत, कशाला खटाटोप?

दिवस मावळायच्या सुमाराला दोघी निघाल्या. आदेल पाद्रीबाबाच्या वेषात होती. वारा नव्हता, पण रस्त्याच्या कडेला बर्फ घट्ट झालेला. पहिलं घर चढावर होतं. झेलिया दोनदा थांबली, दुसऱ्यांदा कुंपणाला धरून. आदेल म्हणाली, "हळू चल, बाई." ती हळूच चालत होती.

पहिल्या घरी लहान पोरं होती. आदेलला त्यांनी हातातल्या अंगठीवरून ओळखलं आणि धिंगाणा घातला. दुसरी कोण, ते काही जमेना. घरातली आई म्हणाली, "शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर? नाही? पोस्टातल्या मावशी? त्यांच्या तर गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." झेलिया मान हलवत राहिली. श्वास आत ओढून बोलायला गेली तर ठसका लागला आणि थांबेना. पाणी प्यायला मुखवटा वर करावा लागेल म्हणून पाणीही घेता येईना. शेवटी आईनं हात टेकले. पोरं ओरडली, जिंकलं सोंग. झेलिया आयुष्यात पहिल्यांदा जिंकली. बाहेर आल्यावर आदेल म्हणाली, "वा, आज तुझं नशीब." झेलियाला ते कुठंतरी खुपलं होतं, पण काय खुपलं हे अजून नीट कळलं नव्हतं.

दुसरं घर तोमाचं. तिथं दहाबारा माणसं जमलेली, टेबलावर मांसाच्या सारणाचा मीट पाय, चुलीशी फिडल वाजवणारा त्याचा जावई. तोमा आता ऐंशीचा, पण नजर तीच. सोंगं आत आली की तोमा वाजवणं थांबवायला सांगायचा आणि सोंगांना खोलीत एक फेरी मारायला लावायचा. चालताना माणूस लपत नाही असं त्याचं म्हणणं.

आदेलला त्यानं ओळखलं. मग झेलियाकडे बोट केलं. "तुम्ही, चाला बघू."

झेलियानं खोलीची फेरी मारली. या टोकाहून त्या टोकाला, टेबलाला वळसा घालून परत. तोमानं डोळे बारीक केले.

"पुन्हा."

ती पुन्हा चालली. आता तिला दम लागला होता आणि अभ्रा तोंडाशी आत-बाहेर होत होता.

"हे आपल्यातलं माणूस आहे," तोमा म्हणाला, "पण माझ्या वयाचं. उजवा खांदा गेलाय, कंबर गेलीय. फिलोमेन आहेस का तू? नाही, फिलोमेन नाताळपासून अंथरुणात आहे. लॉराची आई?" लोक आपापल्या अंदाजानं नावं सांगू लागले. जी नावं निघाली ती सगळी म्हाताऱ्यांची. दोन तर मेलेल्या होत्या, आणि त्यावर हशा झाला. झेलिया मधोमध उभी होती. कुणीच तिचं नाव घेतलं नाही. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसानं तिला तीसचाळीस वर्षं चालताना बघितलं होतं.

"अरे, आजीला आधी खुर्ची द्या कुणी," तोमा शेवटी म्हणाला. "उभं राहवत नाही तिला. मी हरलो. काढा मुखवटा, मेमेर."

मेमेर म्हणजे आजी. झेलियानं मुखवटा काढला.

फिडल मांडीवर तशीच. तोमाच्या बायकोनं तोंडाला हात लावला. तोमा तिच्याकडे बघतच राहिला, आणि मला वाटतं, सहा वर्षांत गावातल्या माणसानं झेलियाकडे पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. मग जावई, भला माणूस, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलला, "काय सोंग वठवलंस झेलिया. म्हातारीची चाल काय हुबेहूब केलीस."

झेलियानं कुठली चाल केली नव्हती. ती आपली चालली होती.

"सराव केला," ती म्हणाली.

सगळे हसले, जरा जास्तच मोठ्यानं. तोमा हसला नाही. त्यानं स्वतः उठून वडीची बशी तिच्या पुढं धरली. तिनं एक उचलली, रुमालात बांधली आणि आदेलला म्हणाली, "घरी जाऊ."

परतीच्या उतारावर आदेल तिचा दंड धरून चालली. झेलियानं मुखवटा पुन्हा चढवला होता. तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं. आपण कुठं गेलो, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता. नवरा हरवला हे तिला ठाऊक होतं, त्याचं दुःख ती सहा वर्षं रोज करत होती. स्वतःचं असं काही झालं असेल हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याबरोबर रागही आला, गावाचा, तोमाचा, त्या जावयाचा, आणि थोडा, तिनं कधी कबूल केलं नसतं तरी, प्लासिदचा.

घरी स्वयंपाकघरात युजेनी पत्ते लावत होती आणि प्लासिद लोकर गुंडाळत होता. दारात दोन सोंगं बघून युजेनीनं वेळ न घालवता खेळ मांडला. तिला काय घडलं ते ठाऊक नव्हतं.

"प्लासिद, बघ, मिकारेम आली. ओळख बघू कोण आहे?"

प्लासिदनं मान वर केली. आदेलकडे बघून म्हणाला, "पाद्रीबाबा." मग झेलियाकडे बराच वेळ बघितलं. जाळीमागचं तोंड दिसत नव्हतं. तिच्या खांद्याकडे, हातांकडे, छातीशी वरखाली होणाऱ्या कोटाकडे तो बघत होता. त्याच्या हातातला गुंडा थांबला.

"हिला मी ओळखतो," तो म्हणाला.

युजेनीचा चेहरा उजळला. "कोण आहे सांग."

"ही इथं कामाला असते."

युजेनीनं हातातला पत्ता टेबलावर ठेवला.

"चांगली बाई आहे," प्लासिद म्हणाला आणि त्याच्या आवाजात जुना, होडीवरचा जोर आला. "पण हिला दम लागलाय, दिसत नाही का तुम्हाला? किती राबवून घेता एका माणसाकडून? इथं कुणी मालक आहे की नाही? घरी पाठवा तिला."

झेलिया दाराशी तशीच उभी राहिली. दोन घरं फिरून तिला कुणी ओळखलं नव्हतं. याला नाव आठवत नव्हतं, लग्न आठवत नव्हतं, मुलगा आठवत नव्हता, आणि ती दमलीय हे एवढं त्याला दिसलं होतं. ती हळूच येऊन त्याच्या शेजारी बसली. त्यानं सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिनं फोन केला आणि हो म्हणाली. "नक्की ना?" असं पलीकडच्या बाईनं विचारलं. "मी पुन्हा म्हणू शकणार नाही, लिहून घ्या," झेलिया म्हणाली.

फोन ठेवल्याबरोबर युजेनीनं तिला गाडीत घालून गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला तारा लावल्या, कागद बघितला, आणि दुसऱ्यांदा तारा लावल्या. झटका येऊन गेला होता. आत्ता नव्हे, दोनेक महिन्यांपूर्वी. हृदयाचा एक भाग तेव्हाच निकामी झाला होता आणि तो आता परत येणार नव्हता. "या हिवाळ्यात छातीत खूप दुखलं होतं का?" डॉक्टरनं विचारलं. झेलियानं आठवून बघितलं. जानेवारीत प्लासिदला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा त्याला उचलताना काहीतरी चमकलं होतं खरं. आठवडाभर दुखलं. तिला वाटलं, उचलल्यानं असेल. डॉक्टरनं शहरात फोन लावला आणि मंगळवारची जागा मिळवली. या वेळी तारीख पुढं ढकलायला कारण उरलं नव्हतं.

सोमवारी प्लासिदला वृद्धाश्रमात नेलं. त्याची लोकर, दोन स्वेटर, दाढीचं सामान. खोली समुद्राकडची होती. झेलियानं कपडे कपाटात लावले, नर्सला सांगितलं की गोळी जॅममध्ये घालून द्या, डावी बाही आधी घाला, मारलं तर मनाला लावून घेऊ नका. तिनं शब्द मोडला होता आणि ते तिला पुरतं कळत होतं. कुणी कितीही समजावलं तरी ते तसंच राहणार होतं.

निघताना ती त्याच्या खुर्चीशी वाकली. तो तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

"उद्या येणार ना, मादाम?"

"उद्या नाही. उद्या माझी सुट्टी आहे."

"बरं झालं," प्लासिद म्हणाला. त्यानं तिचा हात हातात घेऊन थोपटला, गड्यांना निरोप देताना थोपटायचा तसा. "जा आता. उशीर करू नका. घरी तुमचा माणूस वाट बघत असेल."

झेलिया हो म्हणाली आणि कोटाची बटणं लावत बाहेर पडली.